बेस्टची बस आणि बेस्टची वीज: एका कंपनीच्या दोन हद्दी

खोदादाद (धागाकर्ता)

१५ जुलै २०२६ ला मुंबईच्या मोटारबसला शंभर वर्षं होतात. १९२६ मध्ये त्या दिवशी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. ताफा २४ गाड्यांचा, आणि डिसेंबर संपेपर्यंत ६ लाख लोकांनी प्रवास केला होता. शंभरीनिमित्त डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरच्या पुढच्या सीटबद्दल खूप लिहिलं जाईल, लिहावंच. मला इथे वेगळ्या गोष्टीवर बोलायचं आहे, कारण ती लक्षात घेतल्याशिवाय आज बेस्टचं जे झालंय ते कळत नाही.

बेस्ट ही मुळात वीज कंपनी आहे. बस डिझेलवर धावत होती तेव्हाही ती विजेच्या पैशावर धावत होती.

जरा मागून सुरुवात करतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा आला. १८६५ मध्ये एका अमेरिकन कंपनीने घोड्यांच्या ट्रामचा परवाना मागितला, तो मिळालाही, पण युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि योजना बारगळली. मग १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी निघाली आणि ९ मे १८७४ ला ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी क्रॉफर्ड मार्केटवरून, आणि बोरीबंदर ते पायधुणी काळबादेवीवरून. २० गाड्या, २०० घोडे, भाडं ३ आणे.

आता मुद्द्याची गोष्ट. घोडे सोडून ट्राम विजेवर न्यायची तर वीज हवी. वीजकेंद्र उभारायचं तर रोज भरपूर वीज घेणारं गिऱ्हाईक हवं. ट्राम हे असं गिऱ्हाईक होतं: दिवसभर वीज घेणारी, आणि रात्री दिव्यांची मागणी वाढेपर्यंत यंत्रं रिकामी न ठेवणारी. १९०५ मध्ये इंग्लंडात 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी' नोंदली गेली आणि शहराला वीज पुरवणं व ट्राम चालवणं ही दोन्ही कामं एकाच हातात आली. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली. म्हणजे या दोन व्यवसायांची मोट कुणी नंतर सोयीसाठी बांधलेली नाही. ते जन्मले एकत्र आणि एकमेकांच्या आधाराने वाढले.

बस या घरात नंतर आली. १९३४ मध्ये महापालिकेच्या आग्रहावरून ती शहराच्या उत्तर भागात गेली, १९३७ मध्ये डबलडेकर आली, १९४० मध्ये कुलाबा ते माहीम अशी पहिली लिमिटेड, म्हणजे मोजक्या थांब्यांची बस. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने अख्खी कंपनी ताब्यात घेतली. तेव्हा २४२ बस, २३ मार्ग आणि रोजचे सुमारे २ लाख ३८ हजार प्रवासी होते.

इथपर्यंत सगळं एका नकाशात बसत होतं. पण १९५० मध्ये शहराची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत गेली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. महापालिकेची बस म्हणून बेस्ट हद्दीबरोबर पुढे सरकत गेली. विजेचा परवाना मात्र माहीम आणि सायनलाच थांबला. उपनगरात १९२९ पासून दुसरी वीज कंपनी होती, ती तशीच राहिली. कमाईची हद्द माहीम-सायन आणि खर्चाची हद्द दहिसर-मुलुंड. माझ्या मते बेस्टच्या आजच्या दुखण्याची चीर तिथेच पडली. २००० नंतरच्या भांडणांनी ती फक्त उघडी केली.

जाणकारांनी भर घालावी. विरोधी मत असेल तर जरूर मांडा.

माझगावची

वाचतेय. धागाकर्त्याचं टोपणनाव बघूनच आत आले. दादर टीटीच्या खोदादाद सर्कलला उतरणाऱ्या कितीजणांना माहीत असतं की टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस? ट्राम जाऊन साठ वर्षं झाली तरी कंडक्टर 'टीटी, टीटी' ओरडतात.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. मी शाळेत होते. वडिलांनी आम्हा बहिणींना भायखळ्याला नेलं होतं. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. वडील छापखान्यात होते, त्यांचा सगळा जन्म ट्रामवर गेला. बस महाग, ट्राम आपली, असं आमच्या घरात सरळ गणित होतं.

आणि एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. ट्राम जायच्या आधीच, ११ जून १९६२ ला, बेस्टने ट्रॉलीबस आणली होती. गवालिया टँक ते माझगाव डॉक. रूळ नाहीत, पण डोक्यावर दोन तारा आणि गाडीच्या टपावर दोन दांडे. वळणावर दांडा तारेवरून सुटला की गाडी जागच्या जागी थांबायची, मग कंडक्टर खाली उतरून तो परत लावायचा. आमच्या बाजूची मुलं यासाठीच नाक्यावर उभी राहायची. २४ मार्च १९७१ ला तीही बंद झाली. विजेवर गाडी चालवायचा बेस्टचा हट्ट किती जुना आहे हे आज इलेक्ट्रिक बस बघताना आठवतं.

वीजबिल_गिरगाव

खोदादाद, इतिहास छान मांडलात. विरोधी मत मागितलंत म्हणून मांडतो, आणि मनापासून मांडतो.

बेस्टचे वीजग्राहक साधारण दहा लाख. त्यात फोर्टातली ऑफिसं आहेत तशा गिरगाव-परळच्या चाळीतल्या दोन खोल्याही आहेत. आमच्या वीजबिलात कित्येक वर्षं परिवहनाच्या तुटीपोटी वेगळा आकार लागत होता. टीडीएलआर या अक्षरांनी तो छापून यायचा. आमच्या आईने त्या बिलाला कधी विरोध केला नाही, पण मी हिशेब मांडला तेव्हा राग आला. बोरिवलीत स्वतःची गाडी असलेला माणूस दुसऱ्या कंपनीकडून वीज घेतो, त्याच्या बिलात बसचा एक पैसा नाही. त्याच्या दारातून जाणाऱ्या बसची तूट आमच्या चाळीतली विधवा बाई पंख्याच्या बिलातून भरते. याला आधार म्हणायचं की अन्याय?

२००३ चा वीज कायदा आला आणि दर ठरवताना विजेचा खर्च विजेतून, बाकीचा खर्च बाकीच्यातून, हा विचार पुढे आला. वीज नियामक आयोगाने तो आकार शेवटी थांबवला. मला तो निर्णय योग्य वाटतो. बस बुडाली असेल तर त्याचा दोष वीजग्राहकावर नको.

खोदादाद

वीजबिल, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य आहे, आणि माझं म्हणणं त्याच्या विरुद्ध नाही. तुमच्या चाळीवर पडलेलं ओझं चुकीचंच होतं. चाळीवर ते पडलं कारण परवान्याची हद्द जुनी आणि बसची हद्द नवी.

पण व्यवस्था इतकी वर्षं का टिकली तेही बघा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी शहराचा जवळजवळ सगळा व्यापार, बँका, सरकारी कचेऱ्या, मोठी दुकानं दक्षिणेकडे होती. फोर्टात कमावलेला पैसा वीजबिलातून बेस्टकडे यायचा आणि त्याच कचेऱ्यांत काम करणारा माणूस घाटकोपरला राहायचा. म्हणजे मालक वीज वापरून कामगाराच्या बसला हातभार लावत होता. मोठ्या भावाच्या पगारावर धाकट्याचं शिक्षण व्हावं, तसं ते चाललं. मग गिरण्या गेल्या. कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात आणि अंधेरीत गेल्या, जिथे बेस्टची वीजच नाही. मागे राहिल्या तुमच्यासारख्या चाळी. ओझं तेच, उचलणारे खांदे बदलले.

माझा आक्षेप एवढाच आहे: विजेचा पैसा थांबवला तेव्हा त्याच्या जागी दुसरा पैसा कुठून येणार, हे कुणी ठरवलं नाही.

डबल_बेल

नमस्कार मंडळी. मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, सत्तरच्या दशकाच्या शेवटी लागलो आणि निवृत्त झालो. हिशेबाचं मोठे लोक बोलतील, मी गाडीच्या आतून सांगतो.

तूट तूट म्हणतात ती कुठे तयार होते? पहाटेची पहिली गाडी घ्या. आगारातून निघते तेव्हा रिकामी. वाटेत गिरणीच्या सातच्या पाळीचे कामगार चढायचे, लालबाग-परळला पूर्ण रिकामी व्हायची आणि परत फिरायची तेव्हा आत मी, ड्रायव्हर आणि एखादा पेपरवाला. वे-बिलात, म्हणजे कंडक्टरच्या तिकीट-हिशेबाच्या कागदावर, ती अर्धी फेरी म्हणजे भोपळा. पण ती परतीची फेरी काढून टाकली तर दुसऱ्या खेपेला गाडीच नाही. कागदावर तोट्यातली फेरी आणि नफ्यातली फेरी वेगळ्या दिसतात, रस्त्यावर ती एकच गाडी असते.

डबलडेकरचंही तसंच. लोकांना ती आवडते, मलाही आवडायची. पण तिला कंडक्टर दोन लागतात, एक वर एक खाली. वरचा खाली बघू शकत नाही, म्हणून घंटीवर काम. एक टोला थांब, दोन टोले चल. गर्दीच्या मार्गावर ती परवडायची कारण एका ड्रायव्हरमागे दीड गाडीची माणसं जायची. गर्दी नसलेल्या मार्गावर ती दोन पगारांचं ओझं. कुठली गाडी कुठल्या मार्गावर लावायची हे जुन्या लोकांना बरोबर कळायचं. चौकीतला स्टार्टर रांग बघून सांगायचा की पुढची डबलडेकर सोडा म्हणून.

तिकिटं तेव्हा पत्र्याच्या पेटीत, प्रत्येक किमतीचा रंग वेगळा. चढल्याची स्टेज पंचाने टोचायची. पंचाचा टकटक आवाज हीच आमची हाक होती, 'तिकीट' असं म्हणावंही लागायचं नाही.

मर्यादित_सात

डबल_बेल काका, तुमचे प्रतिसाद येत राहू द्या. असं आतून लिहिणारं फार कमी वाचायला मिळतं.

मी मार्ग क्रमांकांचा वेडा आहे, त्यामुळे खोदादाद यांच्या 'दोन हद्दी' या मुद्द्याला एक पुरावा जोडतो. बेस्टचे क्रमांक बघा. शंभराच्या आतले आणि एकशे-काहीचे मार्ग मूळ शहराचे. २०० च्या पुढचे पश्चिम उपनगरांतले, ३०० च्या पुढचे पूर्व उपनगरांतले, ४०० च्या पुढचे दोन्ही उपनगरांना आडवे जोडणारे, ५०० चे नवी मुंबईकडे, ७०० चे मीरा-भाईंदरच्या बाजूचे. म्हणजे बसच्या कपाळावरचा आकडा शहराची वाढ क्रमाने सांगतो. यातले मुख्यतः पहिल्या गटातलेच मार्ग बेस्टची वीज असलेल्या भागात फिरतात. बाकी सगळे पसारे विजेच्या हद्दीबाहेर.

४०० चे मार्ग मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. लोकल उत्तर-दक्षिण जाते. अंधेरीहून कुर्ल्याला किंवा मुलुंडहून बोरिवलीला जायचं तर कित्येक दशकं बसशिवाय पर्याय नव्हता. पहिली मेट्रो, वर्सोवा ते घाटकोपर, २०१४ मध्ये आली. तोवर ते काम बेस्टने एकटीने केलं. १५ सप्टेंबर २०२३ ला जुनी डिझेल डबलडेकर शेवटची धावली तीही ४१५ वरच, अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकातून सीप्झला. फुलांनी सजवलेली ती गाडी बघायला लोक कुठून कुठून आले होते.

समोरचा क्रमांक मराठी अंकांत, हेही बेस्टचं मोठं काम आहे. अमराठी माणूस मुंबईत आल्यावर पहिले मराठी अंक बसच्या पाटीवर शिकतो.

शिवडीची_लेक

माझे वडील बेस्टमध्ये ड्रायव्हर. जानेवारी २०१९ चा संप इथे कुणी काढला नाही म्हणून लिहितेय. ८ तारखेपासून नऊ दिवस एकही गाडी रस्त्यावर नव्हती. लोक चिडले, साहजिक आहे. पण कामगारांच्या मागण्यांमध्ये पगारासोबत एक मागणी अशी होती: बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा. धाग्यात जो प्रश्न विचारलाय त्याचंच उत्तर चालक-वाहक मागत होते. विजेचा आधार सुटला, आता बस कुणाची ते एकदा सांगा, असं.

वडील घरात भाषण करणारे नाहीत. पण त्या नऊ दिवसांत ते एकच वाक्य म्हणायचे: रस्ते झाडायला नफा विचारत नाहीत, मग बसला का विचारतात?

वीजबिल_गिरगाव

शिवडीची लेक, तुमच्या वडिलांचं वाक्य पटलं. मीही हेच म्हणतो. रस्ते झाडण्याचा खर्च सगळं शहर करातून देतं, एकट्या गिरगावने द्यायचा नसतो.

गोवंडी_चेंबूर

मी वयाने लहान आहे, ट्राम-ट्रॉलीबस माझ्यासाठी ऐकीव गोष्टी. पण बस मी रोज वापरते, म्हणून आजचं लिहिते.

जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ वरून ५ रुपये झालं, पाच किलोमीटरपर्यंत. एसी गाडीला ६. मला ते महिने चांगले आठवतात. आमच्या वस्तीतल्या ज्या बायका शेअर रिक्षाने स्टेशनला जायच्या त्या बसने जायला लागल्या, प्रवासी भराभर वाढले. मे २०२५ मध्ये तेच भाडं १० आणि १२ झालं. ज्यांना रोज दोनदा बस आणि दोनदा लोकल असा प्रवास आहे त्यांचा महिन्याचा हिशेब विस्कटला. पण मला भाड्यापेक्षा जास्त त्रास होतो तो वाट बघण्याचा. १० रुपये देते, पण गाडी येऊ दे. चाळीस-चाळीस मिनिटं थांबून शेवटी रिक्षाच करायची असेल तर स्वस्त तिकीट काय कामाचं?

कोविडच्या काळात लोकल बंद होती तेव्हा माझी आई, रुग्णालयात आया म्हणून, बेस्टनेच कामावर गेली. ते चालक-वाहक त्या वेळी गाडीवर होते, त्यातले कित्येक आजारी पडले, काही गेले. त्यांच्याबद्दल इथे लिहिलं जावं असं मला वाटतं.

डबल_बेल

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या बॅचचे सोबतीही त्यात गेले.

गाडी उशिरा का येते ते सांगतो. २०१९ मध्ये करार झाला होता की बेस्ट स्वतःच्या ३,३३७ गाड्या कायम राखील. त्या राखल्या नाहीत. जुन्या गाड्या वयाप्रमाणे मोडीत निघत गेल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या गाड्या आल्या नाहीत, भाडेतत्त्वाच्या आल्या, त्याही पुरेशा नाहीत. आज स्वतःच्या गाड्या हजाराच्याही खाली आहेत. भाडेतत्त्वात गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर त्याचा, आणि बेस्ट त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे देते. गाडीत दोन माणसं असोत की ऐंशी, त्याचे पैसे तेवढेच. पगार थकले म्हणून त्या ड्रायव्हरांनी मधेच काम थांबवल्याचं आपण पाहिलंय, काही कंत्राटदार अचानक निघूनही गेले, आणि त्या दिवशी प्रवासी स्टॉपवर तसेच उभे राहिले.

आमच्या वेळी ड्रायव्हरला गाडी हातात द्यायच्या आधी मार्ग दाखवायचे, जुन्याच्या शेजारी बसवायचे. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला अपघात झाला, माणसं गेली, तेव्हा मी रात्रभर झोपलो नाही. नव्या प्रकारची गाडी, पुरेसं प्रशिक्षण नाही, असं बोललं गेलं. त्या ड्रायव्हरवर सगळं ढकलून हा प्रश्न सुटत नाही. प्रशिक्षणाला पैसा लागतो आणि तो कंत्राटाच्या दरात कुणी धरत नाही.

मर्यादित_सात

आगारांच्या जागांबद्दलही बोलायला हवं. मधल्या काळात काही आगारांच्या जमिनी विकासकांना देऊन पैसा उभा करायचा प्रयत्न झाला. विजेचा आधार जाणार हे दिसत होतं, म्हणून जमीन काढली. पण जमीन एकदाच विकता येते, तूट दरवर्षी येते. बस रात्री उभी करायला, धुवायला, आणि आता चार्ज करायला जागा लागतेच. इलेक्ट्रिक बसला तर जास्त लागते.

खोदादाद

आगार आणि चार्जिंगवरून मला एक विचार सुचतो, तो मांडतो.

बेस्टचे पुढचे सगळे ताफे इलेक्ट्रिक असणार हे आता ठरल्यासारखं आहे. म्हणजे १९०५ ची स्थिती परत आली आहे. बस हे पुन्हा विजेचं मोठं गिऱ्हाईक होणार, आणि तेही रात्रीचं, जेव्हा कचेऱ्या बंद असतात आणि मागणी कमी असते. पूर्वी ट्रामने दिवसा यंत्रं चालती ठेवली, आता बस रात्री वीज घेईल. बेस्टकडे अजून स्वतःचं वीज खातं आहे, माणसं आहेत, अनुभव आहे. हे दोन विभाग एकमेकांपासून तोडून टाकायची भाषा अधूनमधून होते, ती मला धोक्याची वाटते. तुटीचं ओझं वीजग्राहकावर टाकू नका, पण तांत्रिक नातं तोडू नका.

आणि तूट? ती महापालिकेच्या अर्थसंकल्पात उघड ओळ म्हणून यावी. अडचण आली की अनुदान, असं नको. दर किलोमीटरला इतके रुपये, असं आधीच ठरवून. मालमत्ता कर कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत सगळे भरतात. बसची हद्द आणि पैशाची हद्द पहिल्यांदा एक होईल.

वीजबिल_गिरगाव

याला माझा पाठिंबा. फक्त एक अट घालतो. किलोमीटरला पैसे ठरवले तर रिकाम्या गाड्या पळवून किलोमीटर भरले जातील. कंत्राटात आज तेच होतंय असं डबल_बेल यांच्या प्रतिसादावरून दिसतं. गाडी वेळेवर आली का, फेरी रद्द झाली का, हे मोजून पैसे द्या. आणि ते आकडे लोकांना दिसू द्या.

गोवंडी_चेंबूर

+१. रद्द झालेल्या फेऱ्या मोजा. हीच एक गोष्ट केली तरी आमच्या स्टॉपवर फरक दिसेल.

शिवडीची_लेक

पण हे विचारणार कोण? बेस्टचा कारभार बघायला महापालिकेची बेस्ट समिती असते, तिथे नगरसेवक प्रश्न विचारतात, बातम्या होतात, वडील सकाळी पेपरात तेच आधी वाचायचे. २०२२ पासून बराच काळ पालिकेत नगरसेवकच नव्हते, म्हणजे समितीही नव्हती. भाडेतत्त्वाचे मोठे निर्णय त्याच काळात पुढे गेले.

डबल_बेल

समितीच्या बैठकीआधी आगारात साफसफाई व्हायची आणि मॅनेजर स्वतः वे-बिलं तपासायचे, एवढं मला आठवतं. नगरसेवक कुठल्याही पक्षाचा असो, आपल्या वॉर्डातल्या मार्गावरून भांडायचा. त्या भांडणामुळे कितीतरी फेऱ्या वाचल्या.

खोदादाद

मग शंभरीच्या निमित्ताने प्रत्येकाने आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला एकच प्रश्न लेखी विचारावा: आपल्या भागातल्या मार्गांवर गेल्या महिन्यात ठरलेल्या फेऱ्या किती आणि प्रत्यक्ष सुटलेल्या किती? उत्तर आलं की मार्ग क्रमांकासह इथेच टाका. मर्यादित_सात, तुम्ही ते तक्त्यात मांडाल का?

मर्यादित_सात

मांडतो. मार्ग क्रमांक, आगार, ठरलेल्या फेऱ्या, सुटलेल्या फेऱ्या, आणि गाडी बेस्टची की भाड्याची, एवढे पाच रकाने ठेवतो. गोवंडी_चेंबूर, तुमच्या मार्गापासून सुरुवात करू, क्रमांक कळवा.